पंखाखालचं ओझं

कुरवंड्यात आमच्याकडे दूध घालणाऱ्या आबांची लेक हवाई दलात आहे. तिच्या लढाऊ विमानात दोन आसनं असतात. पुढचा माणूस विमान चालवतो, मागे बसून ती क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब सांभाळते. तेच विमान कधी हवेत लढतं, कधी जमिनीवर मारा करतं, तर कधी नुसते फोटो काढून येतं, हे तिनेच त्यांना सांगितलेलं. त्यामुळे गावावरून जाणाऱ्या हवाई दलाच्या विमानाची घरघर झाली की आबा किटली खाली ठेवतात आणि त्याच्या पंखांखाली बघतात.

"मोकळंच हाय. सराव असंल," एवढं बोलून पुन्हा दूध मोजतात.

सीमेवर तणाव होता, तेव्हा एका सकाळी दोन विमानं गेली. पंख भरलेले होते. आबा अंगणातून हलेनात. बऱ्याच वेळाने एकच विमान परत आलं.

"आबा, तुमची लेक तर पंजाबात आहे ना?" मी म्हटलं.

"व्हय. पर ह्यातबी कुनाची तरी असंल की."

मग दुसऱ्या विमानाचाही आवाज आला. या वेळी पंखांखाली काय आहे ते आबांनी पाहिलंच नाही. ते पायरीवर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.