डावीकडची बारावी बरगडी

रोज सकाळी चहा संपला की सूर्यकांतकाका मागच्या दारात उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि जास्वंदीकडे बघत म्हणायचे, "श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा." मग तेच गुजरातीत. मग हिंदीत. गवयाने तानपुरा लावावा तसा हा त्यांचा आवाज लावण्याचा प्रकार होता. शेवटचं 'सोडा' झालं की स्वयंपाकघरातून मनोरमाकाकू म्हणायच्या, "सोडला." मग काका डबा उचलून कासाच्या जीपला निघायचे.

कासात एका खासगी एक्स-रे सेंटरमध्ये ते फोटो काढायचे. आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. छातीचा फोटो, पायाचा फोटो. फोटोच्या खोलीत एका स्टीलच्या वाटीत लोक अंगावरचं काढून ठेवायचे. मंगळसूत्र, ताईत, क्रूस, काळ्या दोऱ्यातलं नाणं, सगळं एकावर एक. काका ती वाटी नीट धरून प्रत्येकाचं प्रत्येकाला परत द्यायचे आणि त्यांच्या हातून कधी अदलाबदल झाल्याचं ऐकलं नाही.

धर्माबद्दल ते फारसं बोलत नसत. डहाणूच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते दर रविवारी मागून दुसऱ्या बाकावर बसायचे, गीतं खालच्या पट्टीत म्हणायचे आणि उपदेश संपला की खुर्च्या उचलायला थांबायचे. माणूस एवढाच. म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांच्या बाबतीत व्हावं याचं सगळ्यांना नवल वाटलं.

त्यांची मुलगी कीर्ती वाणगावला शिक्षिका. तिचं आणि तलासरीच्या रोशनचं जमलं होतं. रोशन रेल्वेत सिग्नलला. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही घरांत एकच पुस्तक. फक्त तलासरीच्या मंडळीत ते जसं लिहिलंय तसं वाचतात आणि आमच्याकडे, निवृत्त शिक्षक ललित सर असल्यामुळे, त्यावर बोलतात.

बोलणी करायला रोशनचे वडील दिपकभाऊ आणि आई हिराबाई डहाणूला आले. दिपकभाऊ तलासरीच्या मंडळीचे वडील म्हणजे पंच. चहा झाला, चिवडा झाला, तारखेपर्यंत गोष्ट आली. तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ललित सर म्हणाले, "देवाने सहा दिवसांत जग केलं, ते सहा दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत हो. सूर्य चौथ्या दिवशी आला. मग आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ कोणी ठरवली?"

दिपकभाऊंनी बशी खाली ठेवली. "सर, ज्याने सूर्य केला त्याला घड्याळ लागतं का?"

"तसं नाही. ती गोष्ट आहे. अर्थ घ्यायचा."

"मग आदाम पण गोष्ट? त्याची फासळी काढून बाई केली, ती पण गोष्ट?" दिपकभाऊ काकांकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही रोज आतलं बघता. पुरुषाला एक फासळी कमी असते की नाही?"

काकांच्या तोंडात चिवडा होता. त्यांनी तो चावून गिळला, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सारख्याच असतात."

हे दोन शब्द त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात महाग शब्द ठरले. दिपकभाऊ शांतपणे उठले. "मुलगी चांगली आहे," ते दारात म्हणाले. "पण तिच्या बापाने देवाच्या कामात खोट काढलीय. त्यांनी शब्द मागे घ्यावा, मग तारीख बघू."

कीर्तीने दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्हाला 'मला माहीत नाही' म्हणता आलं नसतं का?"

"मला माहीत आहे ना पण."

"एकदा खोटं बोला. माझ्यासाठी."

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बोललो असतो गं. पण काय मागे घेऊ? बरगड्या काय मी बसवल्यात?"

पुढच्या आठवड्यात सेंटरमध्ये तलासरीहून बरगडी दुखणारे पुरुष यायला लागले. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी पाच. कोणाला खोकला नाही, कोणी पडलेला नाही. सगळ्यांना एकाच बाजूला दुखायचं आणि सगळ्यांना फोटो घरी न्यायचा होता. सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना आत बोलावून विचारलं, "तुमच्या समाजात ही साथ आहे का?" काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसू आवरलं आणि दारावर पाटी लावली: दुखत असेल तरच फोटो.

त्यावर दिपकभाऊंनी तोड काढली. प्रत्येकाच्या घरात जुने फोटो असतातच. क्षयाच्या तपासणीचे, अपघाताचे, नोकरीला लागतानाचे. रविवारी उपासनेनंतर ते घेऊन सगळ्यांनी तलासरीला यावं, दोन्ही मंडळ्यांनी. सगळ्यांसमोर मोजू.

आम्ही दोन जीप करून गेलो. ललित सर पुढच्या सीटवर हाडांच्या सांगाड्याचा शाळेतला तक्ता गुंडाळून बसले होते. काकू मागे काकांच्या शेजारी. त्यांच्या मांडीवर पिशवी होती.

तलासरीचं प्रार्थनाघर लांबट, वर पत्रा, पश्चिमेला काचेच्या सहा खिडक्या. लोकांनी गाद्यांखालून, पत्र्याच्या पेट्यांतून, कपाटामागून फोटो आणले होते. चिकटपट्टीने ते खिडक्यांवर लावले. थोड्या वेळात बाहेरचा माळ दिसेनासा झाला आणि आत करडा उजेड पडला. माणसांच्या छात्या ओळीने लटकत होत्या, आणि त्यांच्याखाली ज्यांच्या त्या छात्या, ती माणसं बाकांवर बसली होती.

मोजणी सुरू झाली आणि लगेच बिघडली. कोणाच्या नऊ भरल्या, कोणाच्या दहा. एका बाईंच्या अकरा भरल्यावर पुरुषांच्या बाजूने कुजबुज झाली. काका पुन्हा पुन्हा सांगत होते, "छातीच्या फोटोत खालच्या दिसत नाहीत. पोटाआड जातात." कोणी ऐकेना. एका फोटोपाशी दिपकभाऊ खूप वेळ अडले.

"ह्यात एकही नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"तो गुडघा आहे," काका म्हणाले.

"कोणाचा?"

"माझा," मागून एक आजी म्हणाल्या. "माझ्याकडे तेवढाच होता. म्हटलं रिकाम्या हाताने कशाला यायचं."

ललित सरांनी तक्ता उलगडला. तो एका कोपऱ्यात वाळवीने खाल्लेला होता, नेमका कमरेच्या वर. हिराबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सर, ह्याच्या तर चार गेल्यात."

तेव्हा काकूंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. फेब्रुवारीत काका माळ्यावरून सामान काढताना शिडीवरून पडले होते. डाव्या कुशीत खाली मार लागला होता, म्हणून दुसऱ्या पाळीच्या माणसाने त्यांचा खालच्या बरगड्यांचा फोटो काढला होता. मोडलंय का तेवढं बघितलं. मोडलं नव्हतं. पाकीट गादीखाली गेलं. एवढी वर्षं लोकांची हाडं बघणाऱ्या माणसाने स्वतःची मोजायचं काही कारण नव्हतं.

"यात खालच्या दिसतात," काकू म्हणाल्या. "एकदा मोजा आणि आमच्या पोरीला मोकळं करा."

हिराबाईंनी तो फोटो काचेला लावला. एक बोट उजवीकडे, एक डावीकडे ठेवून खालून वर जायला निघाल्या, आणि पहिल्याच पायरीला थांबल्या. उजवीकडे तळाला एक आखूड बरगडी होती. डावीकडे ती जागा मोकळी होती.

"हिकडे नाही," त्या म्हणाल्या.

सगळे पुढे सरकले. काकांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. मग त्यांचा हात आपोआप पाठीमागे डाव्या कुशीकडे गेला आणि तिथे चाचपत राहिला, खिशात किल्ली शोधावी तसा.

"नाहीच आहे," ते म्हणाले.

मग तलासरीच्या बाकांवरून कोणीतरी आमेन म्हणालं.

"एखाद्याला जन्मतः नसते," ललित सर घाईने म्हणाले. "वैद्यकात आहे हे. शिवाय तो फोटो काळपट आलाय."

"इतके दिवस मी कुठून आले हा प्रश्न होता," काकू म्हणाल्या. "सासूबाई म्हणायच्या, कुठून आणली ही. सुटला."

लोक हसले. दिपकभाऊ नाही हसले. त्यांनी तलासरीच्या पाळकसाहेबांकडे बघितलं. आता निकाल त्यांनी द्यायचा. पाळकसाहेब तरुण होते, शास्त्रातल्या अक्षरावर बोट ठेवणारे. ते उभे राहिले आणि अडचणीत पडल्यासारखं म्हणाले, "फासळी आदामची काढली. त्याच्या मुलांची काढली असं कुठे लिहिलेलं नाही. ज्याचं बोट तुटतं त्याच्या लेकरांना पाचच बोटं होतात. मी तर कधीच म्हटलं नव्हतं की पुरुषाला एक कमी असते."

"मग हे आम्हाला कोणी सांगितलं?" दिपकभाऊंनी विचारलं.

कोणालाच आठवेना. म्हणजे इतके दिवस ज्या गोष्टीवरून लग्न अडलं होतं ती पुस्तकात नव्हतीच, आणि जी गोष्ट काकांनी नाकारली होती ती नेमकी त्यांच्याच अंगात होती. तलासरीकर जिंकले होते की हरले होते हे त्यांना कळेना. आम्हालाही कळेना.

दिपकभाऊ खिडकीपाशी गेले. मावळतीचं ऊन काकांच्या फासळ्यांमधून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडलं होतं. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"व्याही," ते शेवटी म्हणाले, आणि हा शब्द ऐकून कीर्तीने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "तुम्ही शब्द मागे घेऊ नका. तुमच्या तोंडाने नाही घेतला, पण अंगाने घेतलाय. मला तेवढं पुरे."

"अहो, पण मी म्हटलं ते खरंच आहे," काका म्हणाले. "बाकीच्यांच्या सारख्याच—"

"सूर्यकांत," काकू म्हणाल्या. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. काका खाली बसले.

लग्न डिसेंबरात झालं. मांडवात दिपकभाऊ पाहुण्यांना काकांपाशी आणून "हेच ते" म्हणायचे, आणि पाहुणे नमस्कार करताना नकळत काकांच्या डाव्या कुशीकडे बघायचे. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहींनी फोटो बनावट असल्याचं लिहिलं. काढणारा घरचाच, मग काय. ललित सरांना जेवणाच्या पंक्तीत कोटाच्या आत हात घालून काहीतरी मोजताना मी बघितलं. काका खुर्च्या उचलायला थांबले, तर तलासरीच्या माणसांनी त्यांना उचलू दिल्या नाहीत. त्यांना अवघडल्यासारखं झालं.

त्या जीपमध्ये तलासरीहून परतताना मी त्यांना विचारलं होतं, काका, तुम्हाला काय वाटतं, सूर्याआधी उजेड होता का? ते म्हणाले, पूर्वी आम्ही फोटो अंधाऱ्या खोलीत धुवायचो. एक लाल दिवा, तोही नावापुरता. पाण्यात हलवत राहायचं. आधी काहीच नसतं. मग हाड येतं. एवढं सांगून त्यांनी खिडकीची काच वर केली.

फोटो दिपकभाऊंनी मागून घेतला होता. त्यांनी तो चौकट करून पुढच्या खोलीच्या खिडकीत टांगला. मार्चमध्ये काका-काकू लेकीकडे तलासरीला जेवायला गेले तेव्हा काकांनी तो पहिल्यांदा तिथे बघितला. दिपकभाऊ एका पाहुण्याला समजावून सांगत होते, ही बघा रिकामी जागा. काकांनी जेवताना दोनदा त्या खिडकीकडे बघितलं. बोलले नाहीत. लेकीच्या सासरी जावयाच्या बापाला काय सांगायचं.

चारोटी नाक्यावर उतरून ते डहाणूच्या जीपची वाट बघत उभे होते. दुपार होती, हायवेवरून ट्रक जात होते. काकूंनी नंतर सांगितलं, त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले, एरवी कधी बसत नसत. पुढचं सगळं लोकांनी धावपळ करून केलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. बसण्याआधी मात्र एक वाक्य बोलले होते.

"उलटा टांगलाय गं तो फोटो," ते म्हणाले. "डावी उजवीकडे गेलीय. पुढच्या वेळी हिराबाईंना सांगून सरळ करू."