झेरॉक्सच्या दुकानातली फिरती खुर्ची

नौदलात वैमानिक व्हायला निघालो तेव्हा आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. जेट विमानाचं प्रशिक्षण मात्र मिळालं बिदरला, हवाई दलाच्या तळावर, चाकूरच्या आमच्या घरापासून एसटीनं जाता येईल इतक्या जवळ.

विमान दोन आसनांचं. पुढं मी, मागं शिक्षक. पहिल्याच उड्डाणात विमान एका अंगावर कलंडून वळलं आणि मला उलटी झाली. नंतर रोजच होऊ लागली. शेवटी शिक्षक म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. पण पोटानं ऐकलं नाही, तर तुला परत पाठवावं लागेल."

डॉक्टरांनी उपाय सांगितला: फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसायचं, कुणीतरी गरगरा फिरवायचं आणि आपण मान खाली-वर करायची. बिदरला सराव सुरू झाला. दोन दिवसांची सुटी मिळाली तसा मी घरी आलो, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मला न्हाई जमणार."

धाकट्या बहिणीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिनं मला तिथं नेलं, शटर अर्धं ओढलं आणि स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.

"बस, दादा."

ती फिरवू लागली. शेजारी बादली ठेवली होती, तिची गरज पडलीच. बाबा चहा घेऊन आले तर हा प्रकार.

"काय करायलाव रे?"

"दादाचं पोट सुधरवायले," बहीण म्हणाली.

बाबा चहाचा कप झेरॉक्सच्या मशीनवर ठेवून म्हणाले, "सर बाजूला. तुझे हात दुखले असतील." आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरली. आजवर ते मला कधी 'घाबरू नको' म्हणाले नव्हते. त्या दिवशीही म्हणाले नाहीत, नुसते फिरवत राहिले. मला मात्र परत जायचा हुरूप आला.

बिदरला खुर्ची चालूच ठेवली. हळूहळू उलट्या कमी झाल्या. एके सकाळी विमान वळलं, मी वाट बघितली, काहीच झालं नाही. पहिल्यांदा मान वळवून बाहेर पाहिलं. खाली काळी रानं तिरपी झाली होती, एक तलाव चमकत होता.

मागून आवाज आला, "उलटीची पिशवी कुठंय?"

"खिशात, सर."

"राहू दे तिथंच."

पुढं एकट्यानं उड्डाण केलं त्या दिवशी घरी फोन लावला. आईनं विचारलं, "मग मागं कोण व्हतं?"

"कुणीच न्हाई."

ती म्हणाली, "जेवलास का?"

"हाव. लई जेवलो."