आमच्या वाडीत काही कमी नाही!

सांगते, पण आधी कबूल करा की मध्ये कोणी हसणार नाही. तुम्ही हसायला लागलात की मी पुढचं गाळते, आणि या गोष्टीत गाळण्यासारखं फार आहे!

तर मुंबईतली चांगली नोकरी सोडून मी महाडला परत आले आणि 'पोचवणी' काढली. काम साधं. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाड्यांत म्हातारी माणसं एकटी, मुलं मुंबईत. मुलाने तिथून मोबाईलवर नोंदवायचं, आणि मी महाडच्या दुकानांतून औषधं, किराणा घेऊन टेम्पोने दारापर्यंत पोचवायचं. दोन वाड्या झकास चालल्या. पुढच्या वाड्या धरायला मात्र भांडवल हवं होतं. नवऱ्याशी बोली झाली होती की होळीपर्यंत कोणी गुंतवणूकदार मिळाला तर ठीक, नाहीतर बोऱ्याबिस्तरा आवरून परत मुंबई. आणि होळी आली होती तीन आठवड्यांवर!

अकरा जणांनी आधीच नाही म्हटलं होतं. बाराव्या नंदिता मॅडम. फोनवर म्हणाल्या, "तुमची रंगीत चित्रं नि आलेख नकोत मला. वाडी दाखवा. माणसांशी बोलेन, मग ठरवेन."

आता मला सांगा, कोणी बघायला येतंय म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? शेजारच्या खुर्च्या आणतात, मामीकडचे कप आणतात. माझ्या चुलतबहिणीला बघायला आले तेव्हा तर शेजाऱ्यांची म्हैस आमच्या दारात बांधली होती! लग्न जमलं, म्हैस परत गेली. जावई अजून तिची चौकशी करतात.

मीही तेच केलं. तीन दिवस आधी टेम्पो रंगवायला दिला. मग वाडीत जाऊन भागीकाकूंच्या ओटीवर सगळ्यांना गोळा केलं. भागीकाकू म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक. पासष्टीच्या, दोन्ही मुलगे मुंबईला, आणि त्यांचा शब्द वाडीत कोणी मोडत नाही.

"काकू, उद्या पाहुण्या येतायत. कोणी रडगाणं गायचं नाही. आपल्याकडे काही कमी आहे असं दिसता कामा नये."

"म्हंजे अडचण काढायची नाय?"

"अजिबात नाही!"

काकूंना रागच आला. "हे काय सांगाया पायजे गो? पावण्यासमोर अडचण काढतील अशी मानसं हाय का आमी?"

मी निर्धास्त झाले. माझ्यासारखी शहाणी मीच!

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः गाडी चालवत आल्या. ओटीवर सात खुर्च्या, सातही वेगळ्या घरच्या. आणि आतल्या फळीवर औषधांच्या पाकिटांची ही भलीमोठी चळत! ती काही मी सांगितली नव्हती. काकूंनी अख्ख्या वाडीतून गोळा केली होती.

मॅडमनी चहाचा घोट घेतला नि विचारलं, "काकू, औषधं आणायला त्रास होत असेल ना?"

"छ्या! कसला तरास? पोलादपूर काय, हे खाली. उठलं की गेलं."

अहो, हे खाली म्हणजे दीड तासाची उतरण, आणि काकूंना स्वतःच्या ओटीची पायरी उतरताना भिंत धरावी लागते! मी भुवया उंचावल्या. म्हणजे, काकू, आवरा. काकूंना वाटलं, कमी पडतंय.

"आनि येताना भाजीची पाटी पन आनते डोक्यावर!"

शेजारचे सदूअण्णा गेली दोन वर्षं देवळाच्या पुढे गेलेले नाहीत. ते सरसावून बसले. "मी तर नुसता फिरायला जातो. हवा चांगली हाय."

"मग सायलीचा टेम्पो कशाला लागतो?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मी जोरात खोकले.

"पोरीला पानी द्या रे," अण्णा म्हणाले. "टेम्पो व्हय? येतो बापडा. आला तर आला, नाय तर नाय. आमचं कायबी अडत नाय!"

सगळ्या वाडीने माना डोलावल्या. किती अभिमान होता त्यांच्या तोंडावर! आणि इकडे माझी मुंबईची गाडी सुटायच्या बेतात.

मॅडम उठून फळीजवळ गेल्या. "एवढी औषधं?"

"पुरून उरतात!" काकू म्हणाल्या.

मॅडमनी एक पाकीट उघडलं, आत पाहिलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. मला वाटलं, तारीख बघतायत.

परतताना गाडीत मी शेजारी बसले होते. वळणामागून वळण जात होतं आणि मॅडम एक अक्षर बोलत नव्हत्या. पोलादपूर दिसायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सायली, आम्ही ज्यात पैसे लावतो त्यातले बहुतेक धंदे बुडतात. ते धरूनच चालतो आम्ही. म्हणून मी आधी एकच बघते. हा धंदा उद्या बंद पडला तर बोंब कोण मारणार? तुमच्या वाडीत कोणीच मारणार नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

होतं हो! जिभेच्या टोकावर होतं. पण सांगायचं म्हणजे मीच पढवलं होतं हे कबूल करायचं. मी म्हटलं, "नाही मॅडम. वाडी तशी सुखीच आहे आमची."

असं म्हणणारी जीभ हासडून सावित्री नदीत टाकावी की नाही, सांगा!

तेवढ्यात माझा फोन वाजला. भागीकाकू. स्पीकर लावायची गरजच नव्हती. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर बोलायची सवय आहे त्यांना.

"सायले, गेली का गो ती बाय?"

"काकू, मी नंतर—"

"नंतर काय? माझ्या बीपीच्या गोळ्या कुठायत? तीन दिस टेम्पो नाय तुजा! सकाळधरनं गरगरतंय मला. तू बोल्लीस अडचण काढू नका म्हनून गप बसले. त्या सदूची पन गोळी संपली. त्या फळीवर नुसती रिकामी पाकिटं रचली मी, तुजी लाज राखाया! आता येतंस का मी उतरू चालत?"

मॅडमनी कचकन ब्रेक मारला. माझ्याकडे बघितलंही नाही. फोन हातातून घेतला. "काकू, तीच बाय बोलतेय. झोपून राहा, उतरू नका. आम्ही गोळ्या घेऊन येतोय."

"अगो बाय!" म्हणून काकूंनी फोनच ठेवला.

पोलादपूरला मेडिकलपुढे गाडी थांबली. डॉक्टरच्या चिठ्ठ्या माझ्या मोबाईलमध्ये होत्या. काकूंना काही झालं तर? मला चिठ्ठ्या सापडेनात, शेवटी मॅडमनीच शोधून दाखवल्या. तीन दिवस मी टेम्पोला निळा रंग लावून घेत बसले होते, आणि ज्यांच्यासाठी टेम्पो घेतला ती माणसं रिकामी पाकिटं रचत होती. मला माझीच शरम वाटली.

पुन्हा तीच वळणं, पुन्हा तीच ओटी. काकूंनी गोळी घेतली, थोडा वेळ आडव्या झाल्या, आणि मग जे बोलायला लागल्या! टेम्पो गुरुवारी नको, सोमवारी हवा. मोबाईलवर बटणं नको, नुसता फोन हवा. शेजारच्या चार वाड्यांत कोणाला कुठली गोळी लागते, सगळं तोंडपाठ. मॅडम वहीत लिहीत होत्या. माझ्या आकडेमोडीचं एक पानसुद्धा त्यांनी उलटलं नव्हतं.

निघताना मला म्हणाल्या, "पाकिटं रिकामी आहेत हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पोलादपूरपर्यंत वाट बघत होते, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून. पैसे अडचण बघूनच लावतो आम्ही. पण अडचण लपवणाऱ्या माणसावर कसे लावू?"

"म्हणजे नाहीच?"

"माझं एकटीचं चालत नाही. मुंबईत आमच्यातल्याच आणखी चौघांना पटवायचंय."

"मी येते! उद्याच येते!"

"तुम्ही नको," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "काकूंना पाठवा."

आणि खरंच हो, काकू गेल्या! धाकट्या मुलाबरोबर, नऊवारी नेसून, गोळ्यांची पुरचुंडी कमरेला खोचून. होळीच्या आदल्या दिवशी होकार आला. आज अकरा वाड्यांत टेम्पो जातो. दर सोमवारी.

काकू परत आल्या तेव्हा मी अक्षरशः पाया पडले. म्हटलं, "काकू, बारा महिने मी घसा फोडला. तुम्ही असं काय सांगितलंत त्यांना?"

"मी कुठं काय सांगितलं?" काकू म्हणाल्या. "तू पढवलंस त्याच्या बरोब्बर उलटं बोल्ले!"