पिवळ्या रेघेच्या आत

चुंबकाच्या लॅबमध्ये नोकरी करतो म्हटलं की लोक विचारतात, "मग दिवसभर करता काय?" काय सांगणार! इथला एकेक किस्सा असा, की ऐकणाऱ्याला थापच वाटते.

माकणीच्या धरणाजवळच्या माळावर आमचं हायब्रिड मॅग्नेट आहे. म्हणजे एकात एक दोन चुंबकं. बाहेरचं द्रव हेलियमच्या उणे २६९ अंशांच्या भयंकर थंडीत मुकाट चालतं. आतलं तांब्याचं, ते तापू नये म्हणून त्याला धरणाचं पाणी सतत धो धो लागतं. दोन्हींचं एकत्र बळ जळकोटच्या सुनंदाला फक्त दोन तास हवं होतं. तिची पीएचडी त्या एका मोजणीवर अडली होती.

*

पंपघर तुळजापूरच्या रऊफचाचांकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पानी मिनिटभर थांबलं तर?"

"आतलं तांबं वितळेल," मी म्हणालो.

दुपारी बघतो तर चाचांच्या एका हातात भाकरी, दुसरा हात व्हॉल्व्हवर. "चाचा, ते ऑटोमॅटिक आहे."

"असंल. पर त्ये बी जेवाया बसलं तर?"

*

शांताबाई फरशी पुसताना एकदम थांबल्या. "सायेब, माझा पदर कोन वढतंय?"

मागे कुणीच नव्हतं. पदराची पिन मॅग्नेटकडे तोंड करून ताठ उभी होती. जिच्या आत लोखंड न्यायचं नाही, ती जमिनीवरची पिवळी रेघ दुसऱ्या दिवशी दोन मीटर मागे सरकली.

*

सुनंदाची पहिली तारीख लागली ती खंडेनवमीनंतरची. खंडेनवमीला, पाण्याचा आवाज नाही म्हणजे मशीन बंद, असं समजून फिटर दगडूमामांनी रेघेच्या आतच हत्यारांच्या पूजेचा पाट मांडला. पान्यांना हळदकुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. बाहेरचं चुंबक आवाज करतच नाही, ते चालूच होतं!

मोठा पाना झेंडूसकट पाटावरून उठला आणि धाडकन मॅग्नेटच्या टाकीला जाऊन चिकटला. मामांनी हात जोडले. "आई पावली."

पाना काढायला मॅग्नेटचा करंट शून्यावर उतरवावा लागला. तो परत चढवेपर्यंत सुनंदाची तारीख गेली.

*

दुसऱ्या तारखेला बाहेरच्या चुंबकाची थंडी मोडली आणि सगळा हेलियम उकळून छपरातून पांढरा लोट निघाला. माकणीची माणसं ट्रॅक्टरला टँकर जोडून धावत आली.

"आग न्हाय ओ, हेलियम उकळलाय," सुनंदा रडवेली होऊन सांगत होती.

एका आजोबांनी पाइपावर जमलेला बर्फ पाहिला. "पोरी, उकळलेलं एवढं गार?"

ती पायरीवरच बसली. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली.

*

तिसऱ्या तारखेला तिचे वडील पोरीचं काम बघायला आले. आप्पा जळकोटला गवंडीकाम करतात. गेटवर मेटल डिटेक्टर वाजला. घड्याळ काढलं, पट्टा काढला, तरी वाजतोच. आत पाणी सुरू झालं होतं. सुनंदा धावत आली. "आप्पा, खिशात काय ऱ्हायलंय तुमच्या?"

आप्पांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. खांद्याखाली चार बोटं लांब व्रण होता. "हितं मशीन बसवलंय. हृदयाचं."

पेसमेकर! मॅग्नेटजवळ तो बिघडलाच असता. सुनंदा व्रणाकडे बघत म्हणाली, "कधी?"

"तुला हितं घेतलं त्या आठवड्यात. सांगितलं असतं तर समदं सोडून माघारी आली असतीस."

वॉकीटॉकीवर चाचांचा आवाज आला, "पानी फुल हाय. सुनंदाबेटी, करंट चढवायचा का?"

तिनं आप्पांना हाताला धरून गेटबाहेर लांब लिंबाखाली नेलं. त्यांचं बटण लावलं.

"दोन तास लागतील, आप्पा."

"जा तू. मी हाय की."