नळीतली साय

आमच्या भागात फॅट म्हटलं की कुणाला स्वतःचं पोट आठवत नाही, म्हैस आठवते. डेअरीला दूध घालून परतणाऱ्या माणसाला लोक 'किती लागली?' एवढंच विचारतात. माझा धाकटा भाऊ गारगोटीच्या वाटेवरच्या आमच्या गावात राहतो. त्याच्या म्हशींच्या दुधाला फॅट चांगली लागली की दिवसभर त्याचा आवाज चढा असतो. मी कोल्हापुरात प्रयोगशाळेत असते. खाल्लेली चरबी रक्तातून कशी जाते, पेशी ती आत कशी घेतात आणि तिचं पुढं काय करतात, हे माझं काम. "म्हंजे आक्का, आपला धंदा एकच की," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा.

तुलनेसाठी मला धडधाकट माणसांचं उपाशीपोटी काढलेलं रक्त लागत होतं. मी त्याला बोलावलं. तो सकाळी धारा काढून, चहासुद्धा न घेता आला, बाही वर सारून बसला आणि सुई टोचताना माझ्याकडंच बघत राहिला, कौतुकानं. रक्तातल्या पेशी खाली बसवून वरचं पाणी मी वेगळं केलं आणि नळी फ्रीजमध्ये उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर नळीत वरच्या अंगाला साय आली होती. तापवलेल्या दुधावर येते तशीच, पांढरी, जाड.

उपाशी माणसाच्या रक्तावर साय येत नाही. जेवणातली चरबी बारीक थेंबांतून रक्तात येते. रक्तवाहिन्यांच्या कडेला एक प्रथिन ती उतरवून घेतं, मग पेशींना ती मिळते. ते प्रथिन काम करत नसेल तर ते थेंब, माल न उतरवलेल्या गाड्यांसारखे, भरलेलेच फिरत राहतात. माणूस वरून ठणठणीत दिसतो. आणि एखाद्या दिवशी त्याचं स्वादुपिंड पेटतं. त्यात माणसं जातात. हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

आता जे कधी बोलले नाही ते लिहिते. ती साय बघून मला आधी आनंद झाला. भीती नंतर आली. असं रक्त शोधून सापडत नाही, आणि माझ्या फ्रीजमध्ये ते माझ्याच घरचं होतं.

मी त्याला फोन केला. "अजून एकदा येतोस का? एक नळी लागेल."

"का गं, फॅट कमी लागली व्हय?"

"नाही रे. तो नमुना खराब झाला."

एकदा खात्री करून घ्यावी, म्हणून दुसरं रक्त, इतपत ठीक होतं. दुसऱ्या नळीवरही साय आली. त्याच दिवशी मी त्याला डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. पण डॉक्टर तेल-तूप-दूध बंद करणार, आणि रक्त निवळणार. मला ते न निवळलेलं हवं होतं, थोडे दिवस. दिवाळीनंतर सांगू म्हटलं. मग ऊसतोड येईल, त्याला सवड नसेल म्हटलं. प्रत्येक वेळी मला एक कारण सापडत गेलं, आणि प्रत्येक वेळी एक नळी.

भीती मात्र सोबतच होती. भावजयीचा फोन आला की मी नाव बघून आधी खुर्चीत बसायची आणि मग उचलायची. ती विचारायची, "वन्सं, बाजारात आलोय, दूध आणलंय, घरी हाय का?" मी हो म्हणायची आणि हात पदराला पुसायची.

मग गावची म्हाई आली. देवीच्या नावानं घरोघर बकरं पडतं आणि पै-पाहुणे जेवायला येतात, ती म्हाई. मी भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, की दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला ये. भरपूर चरबी खाल्ल्यावर त्याच्या रक्तात काय होतं, ते मला बघायचं होतं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. "आमच्या शास्त्रज्ञ बाईला आळणीच वाढा रं, तिखाट सोसत न्हाय तिला!" असं ओरडला, आणि सगळे हसले. त्यानं एक वाटी रस्सा संपवला. भावजय रस्सा घेऊन दुसऱ्यांदा आली, वर लाल तेलाचा कट डोलत होता. त्यानं वाटीवर हात धरला.

"बास. सकाळपास्नं पोट जड हाय."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "घे की. वर्षातनं एकदा तर म्हाई."

त्यानं हात काढला. "आक्का म्हणती म्हणल्यावर!"

त्या दोन शब्दांपेक्षा मोठं पाप मी केलेलं नाही.

रक्त काढायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी गावातच होते. तो गोठ्यात गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून बसलेला दिसला. "पित्त झालंय," म्हणाला. स्वादुपिंड पेटलं की माणूस असाच वाकतो. मी गाडी काढायला लावली. गाडीत मागच्या सीटवर तो तसाच दुमडून होता, भावजय त्याची पाठ चोळत होती. मी पुढं बसून आरशात त्याचा चेहरा शोधत होते आणि मनात म्हणत होते, पित्तच असू दे.

दवाखान्यातले तरुण डॉक्टरही पित्तावरच आले होते. रक्त दुधाळ असलं की काही तपासण्या फसव्या येतात, आजार लपून राहतो. मी गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं. त्यानं पुन्हा कण्हून कूस बदलली, तेव्हा मी बोलले. "स्वादुपिंड बघा. याच्या रक्तावर साय येते."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

भावजय शेजारीच उभी होती.

"दिवाळीच्या आधीपासून."

 माझ्या खांद्याला टेकलेली होती, ती बाजूला झाली.

तो वाचला. शुद्धीवर येऊन नीट बसता यायला लागल्यावर त्यानं एकच विचारलं, "म्हाईच्या दिशी म्हायती हुतं तुला?"

"हो."

"आन् घे की म्हणालीस."

"हो."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्याच्या नळ्या अजून माझ्या फ्रीजरमध्ये आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही, टाकून देण्याइतकंही धैर्य झालेलं नाही.

हा आजार घराण्यातून उतरू शकतो. त्याला एक मुलगी आहे, शाळेत जाते. तिचं रक्त तपासून घ्या, असे मी निरोप धाडले, उत्तर नाही. परवा त्याचाच फोन आला.

"पोरीचं रगत काढाय दुसरीकडं नेतोय. तुझ्याकडं न्हाय."

"बरं."

"पर कागद तुला धाडतो. कळतंय तुलाच. लगीच सांगायचं."

आज सकाळी रिपोर्टचा फोटो आला. उघडण्याआधी मी घाबरले ते आकड्याला, आणि स्वतःलाही. आत मन पुन्हा हरखलं तर? नाही हरखलं. डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती. दोनदा वाचलं आणि फोन लावला.

"पोरीचं रक्त चांगलं आहे. काही दोष दिसत नाही."

 त्यानं तिथूनच भावजयीला हाक मारून सांगितलं. लांबून तिचा आवाज आला, मला ऐकू जावा इतका मोठा.

"वन्संचं काय सांगता? दुसऱ्या डाक्टरलाबी इचारा!"

भाऊ घुटमळला.

"विचार," मी म्हणाले. "खरंच विचार."