बाळाची वाढ मागे आहे

पाचव्या महिन्यानंतर माझे पाय इतके सुजायचे, की घरी येऊन चप्पल काढली तरी पट्ट्यांचे वळ तसेच राहायचे. कामणच्या एका गोदामात मी पार्सलं तपासायचे. काम अवघड नव्हतं, पण सगळं उभ्याने. पत्र्याखाली दुपारी जीव नकोसा व्हायचा. बायकांचं बाथरूम पार दुसऱ्या टोकाला, म्हणून मी पाणीच कमी प्यायचे.

सुपरवायझरकडे खुर्ची मागितली. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील."

"सगळे गरोदर आहेत का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मग मी घरून प्लास्टिकचं स्टूल नेलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर ते जागेवर नाही. साहेब लोक बघायला येणार होते, वाटेत काही नको, एवढंच उत्तर मिळालं.

घरी, गोखिवऱ्याला, सासूबाई. त्यांना माझी काळजी होती, हे मी नाकारत नाही. पण ती काळजी म्हणजे पपई नको, ग्रहणात विळी नको, आणि रक्तवाढीच्या गोळ्या तर नकोच, बाळ काळं होतं म्हणे. सूज दाखवली की म्हणायच्या, "मुलगा असेल. मलाही अशीच आली होती." नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "आईला अनुभव आहे." मी गोळ्या पर्समध्ये लपवून गोदामात घ्यायला लागले. एखाद्या चोरासारखी.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा पुन्हा मोजलं. "बाळाची वाढ मागे आहे," त्या म्हणाल्या. "प्रेशर चढलंय, त्यामुळे वारेतून बाळाला रक्त कमी पोहोचत असणार. तुमच्या अंगातही रक्त कमी आहे. काम काय करता?"

मी सांगितलं.

"उद्यापासून बंद."

बरोबर आलेल्या नवऱ्याने विचारलं, "पण हे नेमकं कशामुळे झालं?"

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही."

एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाला, "तू जेवतच नाहीस नीट." मी बाहेर बघत राहिले. भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

आराम व्हावा म्हणून राजोडीला माहेरी गेले. आई दारातच म्हणाली, "आधी बस. पानी पी. मंग बोल." मला रडूच फुटलं. पण दोन दिवसांनी तिनेही विचारलंच, "तिकडं खात होतीस तरी काय?"

एका सकाळी डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरगुती औषधात वेळ न घालवता आईने मला सरळ दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी सिझेरियन झालं. मुलगी. इवलीशी, कातडी सैल, रडणं मांजरीच्या पिल्लासारखं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पोटाचे टाके सांभाळत मी पेटीपाशी उभी राहायचे आणि डोक्यात एकच घोळत राहायचं: माझं काय चुकलं? प्रत्येकाने विचारून विचारून तो प्रश्न माझाच करून टाकला होता.

ती वाचली. हळूहळू वजन धरलं, घरी आली. बघायला बायका यायच्या तेव्हा सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या, "हिने काही खाल्लंच नाही, म्हणून पोर बारीक."

एकदा मी म्हटलं, "आई, प्रेशरमुळे झालं. डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर सांगितलंय. विचारा ह्यांना."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तसं बरंच काय काय असतं," तो म्हणाला.

बघायला आलेल्यांपैकी एका बाईंनी बाळाचं दुपटं जरा सारलं. "नाक मात्र बापाचं हं," म्हणाल्या. सगळ्या नाकाबद्दल बोलू लागल्या. मी मुलीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिला भूक लागली होती.