केपुएलीला इंग्रजी येत नाही

आमच्या मांगेरेच्या बस डेपोत सगळ्यात बडबडा ड्रायव्हर कोण असं विचारलं, तर झाडूवालासुद्धा केपुएलीचं नाव सांगेल. गेली अकरा वर्षं तो ऑकलंडच्या रस्त्यांवर बस चालवतो आणि बसबरोबर तोंडही चालवतो. चढणाऱ्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी, उतरणाऱ्या पोराला परीक्षेचा सल्ला, सगळं फर्ड्या इंग्रजीत. तो नऊ वर्षांचा असताना टोंगाहून इथे आला, त्यामुळे त्याची इंग्रजी ऐकून गोरेसुद्धा तोंडात बोट घालतात. मी, सातेकी, त्याच डेपोत तीस वर्षं काढली, पण माझी इंग्रजी अजून दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

तर अशा या माणसाला घरी इंग्रजी येत नाही. एक अक्षर नाही. निदान त्याच्या तीन वर्षांच्या सिआलेची तशी पक्की खात्री आहे.

याचं मूळ त्याच्या आईत आहे. पाच वर्षांपूर्वी म्हातारी टोंगातल्या वावाऊ बेटावरून तीन महिन्यांसाठी इथे आली होती. नातवंडं सात, आणि सातांतल्या एकालाही टोंगन बोलता येईना. पोरं यायची, गालाला गाल लावायची, ‘हाय ग्रॅनी’ म्हणायची आणि पसार व्हायची. म्हातारी दिवसभर टीव्हीसमोर. पाचव्या आठवड्यात तिने बोचकं बांधलं. “मला घरी पोचवा. तिथे डुकरं तरी माझं ऐकतात,” म्हणाली. विमानतळावर केपुएलीचा हात धरून म्हणाली, “तुमच्याकडे येऊन मी मुकी झाले रे.”

ते वाक्य त्याच्या काळजात रुतलं. सिआले पोटात होती तेव्हाच तो मला म्हणाला, “माझी पोर माझ्या आईशी बोलणार. काय वाटेल ते झालं तरी.”

“मीही असंच म्हणालो होतो,” मी म्हटलं. माझे तिघे मुलगे मी टोंगनमध्ये ओरडलो की इंग्रजीत उत्तर देतात.

“कारण तुला इंग्लिश कळतं हे त्यांना कळलंय. तिथेच तू फसलास, सातेकी.”

आणि खरोखरच त्याने लेकीला ते कळू दिलं नाही. त्याची बायको कर्स्टन दक्षिणेकडची, मेंढपाळांच्या घरातली गोरी. तिने एकच अट घातली. “भांडायला मला इंग्लिश लागेल. टोंगनमध्ये मला फक्त भाजी आणता येते.” म्हणून भांडण निघालं की नवरा-बायको वॉशिंग मशीनच्या खोलीत जातात, दार लावतात, मशीन सुरू करतात आणि मग एकमेकांना धुतात. शेजाऱ्यांना वाटतं, फार टापटिपीचं घर आहे.

सिआले बोलू लागली ती अशी की, बापाशी घडाघडा टोंगन आणि बाकी जगाशी इंग्रजी. तिने पाळणाघरातल्या बाईंना सांगून टाकलं, “माझ्या बाबांना बोलता येत नाही. ते फक्त माझ्याशी बोलतात.” बाई हळव्या. संध्याकाळी केपुएली लेकीला न्यायला गेला, तर त्या एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत त्याच्याशी बोलल्या आणि फुकट इंग्रजी वर्गाचं पत्रक त्याच्या हातात दिलं. सिआलेने बापाचं बोट धरलेलं. काय करतो बिचारा, मान खाली घालून पत्रक घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाई नेमक्या त्याच्या बसमध्ये चढल्या. हा सवयीने बोलून गेला, “गुड मॉर्निंग मॅडम, आज वारा भलता सुटलाय, छत्री उघडू नका, उलटी होईल.” बाई कार्ड हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “एका रात्रीत?” म्हणाल्या.

एका शनिवारी कर्स्टन सिआलेला घेऊन त्याच्या बसमध्ये बसली. झालं, ड्रायव्हरची बोलती बंद. एका आजोबांनी विचारलं, ही हॉस्पिटलला जाते का? सिआलेने बापाला टोंगनमध्ये विचारलं, बापाने टोंगनमध्ये सांगितलं, आणि तिने आजोबांना निकाल दिला, “जाते. पण तुम्ही आधी बसा. उभं राहायचं नसतं.” पुढे प्रत्येक थांब्यावर ती दाराशी उभी राहून चढणाऱ्यांची चौकशी करत होती. सोमवारी डेपोत तक्रार आली की, तुमच्या ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही, बस एक लहान मुलगी चालवते. आमच्या साहेबांनी ती तक्रार वाचली, समोर अखंड बोलत असलेल्या केपुएलीकडे पाहिलं आणि कागद सरळ टोपलीत टाकला.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग म्हातारी पुन्हा आली.

निमित्त होतं केपुएलीच्या भाचीच्या, वायोलाच्या एकविसाव्या वाढदिवसाचं. विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. केपुएलीने लेकीला पुढे ढकललं. “बोल, आजीशी बोल.” सिआले आईच्या पायामागे गेली आणि तिथेच राहिली. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. आजीने काही विचारलं की पोर बापाच्या कानात उत्तर पुटपुटायची आणि बापाने ते मोठ्याने आजीला सांगायचं. तिच्या हिशेबी टोंगन म्हणजे फक्त बाबांसाठी केलेली सोय. ती दुसऱ्या कुणावर कशाला वापरायची?

“हिलाही येत नाही का रे?” म्हातारीने विचारलं.

“येतं आई. पोपटासारखी बोलते.”

“असेल,” म्हातारी म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. केपुएलीने त्या दिवशी डेपोत कुणाशी शब्द काढला नाही. त्याला असा गप्प बघून मला भीतीच वाटली.

त्यात त्याची थोरली बहीण लेसिएली, म्हणजे वायोलाची आई, मधे पडली. आमच्यात बहिणीचा मान भावाहून मोठा. तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि तिच्या लेकरांपुढे मामा म्हणजे हक्काचा हमाल. डेपोत शंभर माणसांना गप्प करणारा केपुएली ताईसमोर मान वर करत नाही.

“भाषण तू करायचंस,” लेसिएली म्हणाली. “वायोलाच्या नर्सिंगच्या मैत्रिणी येणार, तिचे शिक्षक येणार, अर्धा हॉल गोऱ्या पालांग्यांचा असेल. इंग्लिशमध्ये कर.”

“ताई, सातेकीला सांग ना.”

“सातेकीचं इंग्लिश ऐकून पोरी रडतील.”

मी शेजारीच खुर्च्या मोजत होतो. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

“ताई, सिआलेला वाटतं मला येत नाही. तिला कळलं तर ती माझ्याशीही इंग्लिशच बोलेल. मग आपल्या आईशी कधीच…”

“आताच कुठे बोलतेय? तीन वर्षं पोरीला थापा मारल्यास, आणि पदरात काय पडलं? आजीसमोर तोंड शिवून बसते. नाटकं पुरे झाली.” जाता जाता वळून म्हणाली, “आणि डुक्कर नीट भाज. गेल्या वेळी कातडं करपलं होतं.”

“हो ताई,” केपुएली म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

मग आमच्या डेपोत खलबतं झाली. योजना अशी की, भाषण सुरू होणार इतक्यात कर्स्टनने सिआलेला बाहेर झोपाळ्यावर न्यायचं आणि टाळ्या वाजल्यावर परत आणायचं. सोपी, सुटसुटीत. आम्ही दोन गाड्यांचं वेळापत्रक जुळवावं तशी ती जुळवली.

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जमली. अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट बांधलेलं मांस जमिनीतल्या भट्टीतून निघालं, त्याचा घमघमाट सुटला. केपुएली आमच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून, कागद हातात घेऊन माइकशी गेला. कर्स्टनने सिआलेचा हात धरला, दाराकडे निघाली, आणि स्वयंपाकघरातून लेसिएलीची हाक आली, “कर्स्टन! इकडे ये, केक धर, पाच मजली आहे, एकटीला उचलत नाही!” नणंदेला नाही म्हणायची तिची काय बिशाद? तिने डोळ्यांनी मला खुणावलं. पण मी तिघांबरोबर डुकराचा एक पाय धरून आत येत होतो. सोडला असता तर सत्तर किलोचं डुक्कर धर्मोपदेशकांच्या मांडीवर गेलं असतं. कर्स्टनने पोरीला पहिल्या रांगेत आजीच्या पायाशी बसवलं आणि ती पळाली.

केपुएलीने समोर पाहिलं. लेक बसलेली. तो हातातला कागद उलटसुलट करत राहिला, लोक खाकरू लागले. मग स्वयंपाकघराच्या दारातून ताईने एकदाच डोळे वटारले, आणि त्याने इंग्रजीत सुरुवात केली. सगळ्यांचं स्वागत. वायोलाचं कौतुक. ती पाच वर्षांची असताना मामाला खोटंखोटं आजारी पाडून त्याला कशा सुया टोचायची, ती गोष्ट. पालांगी मंडळी खो खो हसली.

सिआलेचा आ वासलेला. तिने बापाकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं. संपलं, मला वाटलं, तीन वर्षं पाण्यात गेली.

तेवढ्यात म्हातारी आपली स्वतःशीच म्हणाली, “काय म्हणतोय हा?”

सिआलेने मान वर केली. आजीचा चेहरा नीट पाहिला. बहुतेक तिला त्यात इंग्रजी न कळणारे तिचे बाबाच दिसले असावेत. ती उठली, आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खणखणीत टोंगनमध्ये म्हणाली, “आजी, बाबा म्हणतायत, वायोलाताईने त्यांना खूप वेळा टोचलं.”

म्हातारी दचकली. “आणखी?”

“म्हणतायत, ते रडले.” हे त्याने म्हटलं नव्हतं.

केपुएलीला ऐकू गेलं. तो वाक्याच्या मध्येच अडखळला. मग सावरला आणि एक वाक्य बोलून थांबू लागला, तिला वेळ मिळावा म्हणून. तो इंग्रजीत म्हणाला, वायोला उद्या शेकडो रोग्यांची काळजी घेईल. सिआले म्हणाली, “आता सगळे आजारी पडणार.” तो म्हणाला, हे सगळं श्रेय माझ्या बहिणीचं. सिआले म्हणाली, “आत्या ओरडते.” आधी पालांगी हसायचे, मग टोंगन हसायचे, आणि पालांग्यांना कळेना की हे लोक इतक्या उशिरा का हसतात. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसून की कशाने, मी विचारलं नाही. मला केपुएलीचा हेवा वाटला, अगदी खराखुरा. माझे तिघे मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

टाळ्या वाजल्या. केपुएली खाली आला आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसला. आता ही कोणत्या भाषेत बोलते, यावर त्याचा जीव टांगलेला. सिआलेने कमरेवर हात ठेवले. कपाळाला आठ्या.

“बाबा,” ती टोंगनमध्ये म्हणाली, “आजीला इंग्लिश येत नाही. तिच्यासमोर असं बोलायचं नाही.”

“चुकलो,” केपुएली म्हणाला.

म्हातारीने नातीला ओढून मांडीवर घेतलं. “बोलू दे गं त्याला, हवं तितकं बोलू दे,” ती म्हणाली. “मला सांगायला आता तू आहेस ना.”